सरळ रेघ

लाटंबार्से, ८ एप्रिल २०१८

चि. गौरेश,

फोनवर तुझ्या बाबांचं नाव निघालं की तू फोन ठेवतोस. पत्रही ठेवता येतं, पण ठेवलेलं पत्र टेबलावर पडून माणसाकडे बघत राहतं. म्हणून पत्र लिहिते आहे. पहिल्या ओळीवर घडी घालू नकोस, आत्याची शपथ.

दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, छातीत दुखलं. त्याच्या मते गॅस. तो ट्रकच्या पायरीवर बसला होता. कुठला ट्रक हे विचारू नकोस, तिन्ही आता सारखेच, गंजून तुळशीसारखे अंगणात रोवलेले. शर्ट घामाने भिजलेला, डावा हात जबड्याशी. मी विचारलं, "दात दुखतो?" तर म्हणाला, "दांत न्हय गो रुक्मे, काल बाबलीकडे उर्राक घेतला, ताचो गॅस." बाबलीच्या भट्टीवरचा उर्राक, काजूची ती पहिल्या धारेची दारू, मीही घेतलेली आहे. त्याने माणूस कविता करतो, जबडा धरून बसत नाही.

डिचोलीला नेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी छातीला वायरी लावून पट्टी काढली, म्हणाल्या, पट्टीत काही दिसत नाही, पण रक्त तपासायला म्हापशाला आजच जा. दादाने वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला आणि घरी आला. "खाणी बंद, ट्रक बंद. आतां काळीज चालू रावन कोणाचो माल व्हांवपाचो?" म्हणाला आणि स्वतःच हसला. वहिनी हसली नाही. मीही नाही, एरवी घरात हसायचं खातं माझ्याकडे असतं.

तुझे आजोबाही गॅसनेच गेले. निदान आमच्या घरात असंच म्हणतात.

तुमच्या दोघांच्या भांडणात मी पडणार नाही. जनसुनावणीत तू उठून खाणीच्या धुळीबद्दल बोललास, ते खरं होतं. त्या धुळीवर आपलं घर उभं होतं, हेही खरं. दादाने तुला उंबरठा बंद केला आणि तू तो आनंदाने बंद मानलास. सहा पावसाळे दोघंही आपापल्या खऱ्याला कवटाळून बसला आहात. मी यावर एक लेखही लिहिला होता, पण घरचं म्हणून संपादकांना दिला नाही. बघ, माझ्यातही माया आहे.

मला एवढंच सांग. तू तिथे बंगळूरला जी चिप करतोस, ती काळजातून रक्तात गळणारं प्रथिन पकडते असं तुझ्या आईने मला सांगितलं. तिला ते शीतलने सांगितलं. म्हणजे तुझ्या प्रयोगशाळेतली मुलगी तुझ्या आईशी बोलते आणि तू बोलत नाहीस, पण असो. असं प्रथिन खरंच असतं का? ते आठवड्यानंतरही सापडतं का? आणि मी भ्यावं की नको? मला भ्यायची सवय नाही. माझी शिवी देऊन होते आणि भीती राहून जाते. या वेळी उलटं झालं आहे.

तुझी
रुक्मिणीआत्या


लाटंबार्से, १५ एप्रिल

चि. गौरेश,

चिपांचा डबा पोचला. उत्तर म्हणून डबा पाठवणारा तू आपल्या घराण्यातला पहिलाच. आत बाबांसाठी दोन ओळी असतील म्हणून मी स्पंजसुद्धा उचलून पाहिला. नव्हत्या. सूचनांचा कागद मात्र दोन्ही बाजूंनी भरलेला.

तो कागद मी दादाला आणि वहिनीला ओसरीवर बसून वाचून दाखवला. कोळशाच्या जातीच्या कार्बनची नळी, केसाहूनही हजारो पटींनी बारीक. तशा असंख्य नळ्यांची जाळी या नखाएवढ्या तुकड्यावर, आणि तिच्यातून वीज वाहते. नळ्यांना चिकटवलेले रेणू एकाच प्रथिनाची वाट बघत असतात, काळजाच्या. ते येऊन बसलं की वीज बदलते आणि मोबाइलवर रेघ खाली येते. नाही आलं तर रेघ सरळ.

दादा म्हणाला, "म्हणजे सीमेवयले चेकपोस्ट. सगळ्यांका सोडटात, एकट्याकूच धरतात."

"तसंच. फक्त हे लाच घेत नाही," मी म्हटलं.

त्याने तो तुकडा झाकणासकट तळहातावर घेतला. मग इतक्या हळू विचारलं की वहिनीला ऐकू गेलं नाही. "हें ताणें केलां? आपल्या हातान?" मी हो म्हटलं.

पुढचं सगळं तुझ्या कागदाप्रमाणे केलं. साबणाने हात धुतले, पुसले. एवढ्यात तुझी आई आतून मीठ-मिरच्या घेऊन आली. दादाला ओवाळून तिने मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका कोणालाच लागला नाही. म्हणजे दृष्ट जबर, असं तिचं शास्त्र. मग तिने तिच्या माहेरचं, आगरवाड्याचं मीठ त्याच्या मुठीत दिलं. "सगळें सोंपसर मूठ सोडूं नाकात," म्हणाली. एका हातात तुझं विज्ञान, दुसऱ्या हातात तिचं, अशी मी मनात लेखाची पहिली ओळसुद्धा रचली. तेवढ्यात दादाने तपासणीला मुठीचाच हात पुढे केला. उजवा. मूठ सोडून त्याने बोट दिलं, मी टोचलं, थेंब पिळला, बाटलीतल्या पाण्यात मिसळला आणि त्यातलं चिपवर सोडलं.

रेघ सरळ!

गौरेश, सिनेमात रेघ सरळ झाली की नर्स चादर ओढते. आमच्याकडे रेघ सरळ आली आणि तुझ्या आईने साखर वाटली. ती वापरलेली चिप दादाने झाकणासकट शर्टाच्या खिशात ठेवली, डाव्या बाजूच्या. मी म्हटलं, अरे, ती एकदाच चालते, टाकून दे. तर खिशाचं बटण लावलं.

आज दुपारी आम्ही मोहरी-खोबरं वाटून आंब्याचं सासव केलं. दादा दोनदा जेवला. मी भ्यायले होते हे विसरून जा.

आत्या

ता. क. रात्री त्याला पुन्हा जरा दुखलं म्हणे. गॅस असणार. यंत्र खोटं बोलत नाही ना?


लाटंबार्से, १९ एप्रिल

गौरेश,

तुझं उत्तर नाही. चालेल. पण हे तुला कळलं पाहिजे.

तुझे बाबा सध्या तुझी जाहिरात करत हिंडतात. तिठ्यावर ट्रकवाले बसतात ना, बंद खाणींचे आजन्म अध्यक्ष, त्यांच्यात जाऊन खिशातली चिप काढतात. "माज्या पुतान केल्या. काळीज बघता आनी सांगता. माजें काळीज खणखणीत!" कोणीतरी दादाला विचारलं, हा तोच ना रे धाकू, सुनावणीत उठलेला? दादा म्हणाला, "तोच. तेन्नाय ताणें खरेंच सांगिल्लें. आमी आयकूंक ना."

हे वाक्य मी तुझ्यासाठी जसंच्या तसं आणलं आहे. सहा वर्षांत ते त्याने माझ्यासमोर कधी म्हटलं नाही, तुझ्या आईसमोरही नाही. तिठ्यावर म्हटलं.

आनंद व्हायला हवा. मला घाम फुटतो. कारण खणखणीत काळजाचा माणूस घरी कसा बसेल? काल तो बाबलीच्या भट्टीवर काजूचे बोंडू मळायला उतरला. कोळंबीच्या दगडी कुंडात उभा राहून, पायांनी, पोरांबरोबर. मी काठावर उभी होते. तो थांबला, दगडाला हात टेकला आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेतला. मग माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्याला रंग नव्हता.

"दादा, म्हापशाला जाऊ या."

"कित्याक? गौरेशाच्या यंत्रान सांगलां न्हय?"

"यंत्र म्हणजे देव नव्हे."

"तुका सगळ्यांक नांवां दवरपाची सवंय. माजेर लिही, सरकाराचेर लिही. त्याच्या यंत्राक नांवां दवरूं नाका."

बाबली भट्टीपाशी उभा होता, हसत होता. "रुक्मिणीबाय, तुमी देवाकूय सोडूंक ना, यंत्राक कशें सोडटल्यो?"

बरोबर आहे त्याचं. तीस वर्षं मी या तालुक्यात सगळ्यांना चिमटे काढले. मराठीत लिहिते, कोंकणीत भांडते, आणि दोन्ही भाषांत कोणी मला गंभीर समजत नाही. आज ओरडून सांगायचं आहे, तर लोक टाळीसाठी हात पुढे करतात.

तू एक ओळ पाठव. कसलीही.

आत्या


लाटंबार्से, २१ एप्रिल, सकाळ

गौरेश,

पोस्टाची वाट बघायला वेळ नाही. हे लिहून फोटो काढते आणि तुझ्या आणि शीतलच्या फोनवर पाठवते. तुझा फोन बंद आहे. शीतल म्हणाली, तो चिपा बनवायच्या स्वच्छ खोलीत आहे, आत फोन नेत नाहीत, बाहेर आला की देते. तिला म्हटलं, काचेवर चिकटव.

काल दादाने बाबलीला यंत्र दाखवायला घरी आणलं. नवी चिप काढ म्हणाला, बाबलीला रेघ बघायची आहे. मी नाही म्हटलं नाही. मला बघायचीच होती. दादा शेतावरून आलेला, आंघोळ करून, हात स्वच्छ. वहिनी देवळात गेलेली, म्हणून ओवाळणं नाही, मीठ नाही. मी टोचलं, मिसळलं, थेंब सोडला.

रेघ खाली आली. हळूहळू नव्हे. विहिरीत कळशी सुटावी तशी.

बाबलीने विचारलं, "हें कितें?" दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला त्या क्षणी सांगितलं आणि तिथेच बसला तर, या भीतीने मी म्हटलं, "चार्ज संपला." मोबाइल उलटा ठेवला. आयुष्यात इतक्या वाईट विनोदावर कोणी इतक्या लवकर विश्वास ठेवला नव्हता.

ते गेल्यावर तुझा कागद काढला. रेघ एकदा सरळ आणि एकदा खाली का, हे त्यात शोधत होते. दुसऱ्या बाजूला सापडलं. ओसरीवर मी ते मोठ्याने वाचलं होतं आणि कानामागे टाकलं होतं. प्रथिनावर विजेचा अगदी हलका भार असतो, नळीला तोच जाणवतो. भोवती मीठ जास्त झालं की मिठाचे कण त्या भाराला घेरून टाकतात आणि नळीपर्यंत काही पोचत नाही. रक्तातलं मीठ पातळ व्हावं म्हणूनच तो थेंब पाण्यात मिसळायचा. मीठ नळीला आंधळी करतं, असे तुझेच शब्द.

आणि आम्ही तिला आगरवाड्याचं ओलं खडं मीठ चारलं. घामेजलेल्या मुठीत विरघळलेलं, बोटाच्या रेषांत बसलेलं. थेंब त्यातूनच पिळला. मी पिळला. ते मीठ मी पाहिलं होतं, तुला लिहिलंही होतं, गंमत म्हणून. त्याला हात पुन्हा धुवायला का लावला नाही? खरं सांगते. वहिनीने मीठ दिलं तेव्हा मलाही जरा धीर आला होता. देवाला नावं ठेवणारी बाई, पण भीती वाटली की चुलीकडेच बघते.

आणखी एक. कागदाच्या तळाशी तू जाड अक्षरांत लिहिलं होतंस, ही चिप अजून शिकते आहे, रेघ काहीही आली तरी बाबांना म्हापशाला न्या. तेवढी ओळ मी तपासणीनंतर वाचायची म्हणून ठेवली आणि मग वाचलीच नाही. रेघ सरळ आली होती, आणि तो किती दिवसांनी तुझं नाव घेत होता.

आज पहाटे त्याला पुन्हा घाम आला. मी सगळं सांगितलं, पहिली रेघ खोटी, दुसरी खरी. तो म्हणाला, "काल तूंच सांगलें चार्ज ना. आज मीठ. फाल्यां कितें सांगतली?" मी १०८ बोलावली. ती माणसं आली. दादाने त्यांना खुर्च्या दिल्या, बोंडू कापून दिले, खिशातली चिप दाखवली आणि हसत परत पाठवली. सही करून! त्यांचा काय दोष? धडधाकट दिसणाऱ्या माणसाला उचलून नेता येत नाही.

वहिनीला मिठाचं अजून सांगितलेलं नाही. तिने हे कसं घ्यावं, मला सुचत नाही.

आता ऐक. दादा माझं ऐकणार नाही, डॉक्टरांचं ऐकणार नाही. तो फक्त तुझं यंत्र मानतो. ते चुकलं, हे फक्त तू सांगू शकतोस. सहा वर्षांनी बापाला फोन करायचा आणि पहिलं वाक्य म्हणायचं, "माझं यंत्र चुकलं." जड आहे, जाणते. जगात तो एकटाच माणूस ते बिनचूक मानतो आणि तुला त्याच्याच हातातून ते काढून घ्यायचं आहे. मी तुझ्या जागी असते तर काहीतरी तिरकस बोलून वेळ मारून नेली असती. तू तसं करू नकोस.

तो मागच्या अंगणात ट्रकचं बॉनेट उघडतो आहे. जनेलातून दिसतो आहे मला. फोन कर. त्याच्या फोनवर कर. नंबर तोच आहे, सहा वर्षं त्याने तो बदलू दिलेला नाही. का, ते तू ओळख.

आत्या


म्हापसा, २१ एप्रिल, दुपार

गौरेश,

तू निघालास हे शीतलने सांगितलं. बसमध्ये असशील. हे वाचायला मिळेल तेव्हा मिळेल. मला गप्प बसता येत नाही म्हणून लिहिते आहे, इस्पितळाच्या बाकावर, औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर.

तू फोनवर काय बोललास ते पूर्ण ऐकू आलं नाही. दादा बॉनेटमध्ये अर्धा वाकलेला होता. "कोण?" म्हणाला आणि ताठ झाला. मग नुसता ऐकत राहिला. पाना हातातच. शेवटी म्हणाला, "मीठ? म्हणजे रुक्मीन सांगलें तें खरें?" तोवर वहिनी मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. तो तुला म्हणाला, "माजें आयक. तुजें यंत्र चुकूंक ना. तें मिठाक भुललें. यंत्राक कोण दोश दिता?" आणि फोन माझ्या हातात दिला.

वहिनी दाराच्या पायरीवर बसली. "म्हणजे हांवें...?" एवढंच. दादा पाना पुसत तिच्याजवळ आला. "तुज्या मिठान जल्म गेलो, अजून मेलों ना. ऊठ, लुगडें बदल. म्हापशाक वचपाचें आसा." चिडलेल्या आवाजात. तेवढ्या आवाजावर ती उठली.

बाबलीने गाडी काढली. अस्नोड्यापर्यंत दादा वाटेतले बंद ट्रक मोजत होता. मग रंग उतरला. मी त्याचा हात धरला, लहानपणी जत्रेत धरायचे तसा. त्याने सोडवला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

इथे रक्त घेतलं, त्यांचं ते मोठं यंत्र. आकडा आला. डॉक्टर म्हणाले, झटका येऊन गेला आहे, दुसरा दाराशी आहे, लगेच आत घेतो. दादा खाटेवर. शर्ट काढायला लावला तेव्हा खिशाचं बटण त्याने स्वतः सोडलं, चिप काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "रुक्मे, काल जें खाला आयलें, ताचो आकडो आसा मगे?" मोबाइलवर रेघेखाली होता. "आसा," म्हटलं. "हांगाच्या आकड्याकडे ताळो पळय. जुळटा?"

तेवढ्यात खाट ढकलली. दार बंद झालं.

मी दोन्ही ताडून पाहिले आहेत. काय जुळलं, काय नाही, ते मी त्याला सांगणार नाही. कोणाला वाटेल मी खोटं बोलते आहे, कोणाला वाटेल थट्टा. दोन्ही आकडे तुझ्या फोनवर पाठवले आहेत, तो बाहेर आला की तू सांग. बाहेर येईल ना? हा प्रश्न तुला विचारते आहे, कारण इथे दुसरं कोणी नाही, आणि वहिनीला विचारायचं धाडस नाही.

ती माझ्या शेजारी बसली आहे. उजवी मूठ घट्ट मिटलेली. घरून निघतानाच भरून आणली असणार, पदराखाली. मिटल्या बोटांतून ओल झिरपते आहे, नखांना पांढरं लागलं आहे. मघाशी माझं लक्ष गेलेलं तिने पाहिलं आणि मूठ मागे नेली, चोरी पकडल्यासारखी.

मी हात पुढे केला. म्हटलं, "वैनी, माकाय दी थोडें."

तिने दिलं. आता आम्ही दोघी मुठी मिटून दाराकडे बघतो आहोत. इथे आंधळी व्हायला कुठली नळी नाही.

लवकर ये.

रुक्मिणीआत्या